टेपच्या दोन्ही बाजूंना अडीच मीटर

शनिवार

मालदीवचा विमानतळ हुलुले नावाच्या बेटावर आहे आणि हे बेट म्हणजे जवळजवळ सगळी धावपट्टीच. इमारतीतून बाहेर आलं की समोर धक्का आणि पाणी. बाकीचे प्रवासी स्पीडबोटींनी रिसॉर्टकडे पांगले. आम्ही एका जुन्या सफारी बोटीवर चढलो. तिच्या मागे दोणी, म्हणजे तिथली होडी, बांधलेली होती. हवेची सिलिंडरं, ती भरायचा कॉम्प्रेसर, डायव्हिंगचं सगळं सामान तिच्यावर, आणि राहणं-झोपणं मोठ्या बोटीवर. पुढचा आठवडा याच जोडगोळीवर काढायचा होता.

मोहीम प्रवाळभित्तींच्या पाहणीची होती आणि आम्ही सगळे स्वयंसेवक. कुणी शिक्षिका, कुणी परिचारिका, एक निवृत्त अभियंता, एक बँकेतला माणूस. समुद्रशास्त्र शिकलेलं त्यात कोणी नव्हतं, अपवाद फक्त मालेहून आलेल्या एका विद्यार्थिनीचा. ती सागरी जीवशास्त्र शिकते आणि हीच पाहणी पुढे स्वतःच्या देशात स्वतः चालवायची म्हणून प्रशिक्षणाला आली होती. माझी डाइव्ह-बडी, म्हणजे पाण्याखालची जोडीदार, म्हणून तिचीच नेमणूक झाली आणि आठवड्यातली ही माझी सर्वांत चांगली मिळकत ठरली.

संध्याकाळी मोहीमप्रमुख बाईंनी सगळ्यांना डेकवर बसवलं. समुद्र किती सुंदर आहे वगैरे काही त्या बोलल्या नाहीत. त्यांनी पाण्यात न भिजणारा एक कागद पुढे केला, त्यावर चौकटीच चौकटी. म्हणाल्या, "या कागदावर रिकामी चौकट मला चालणार नाही. प्राणी दिसला तर आकडा लिहा. नाही दिसला तर शून्य लिहा. चौकट रिकामी राहिली तर मी असं समजेन की तुम्ही तिथे पाहिलंच नाही."

मग नियम. कशालाही हात लावायचा नाही. हातमोजे घालायचे नाहीत, कारण हातमोजे असले की हात आपोआप प्रवाळाला धरतो. मालदीवच्या कायद्याने हौशी डायव्हरला ३० मीटरखाली जाता येत नाही. आमचं काम तर १२ मीटरच्या आतच होतं.

रविवार

आज दिवसभर शाळा. सकाळची डाइव्ह केवळ तपासणीची होती. ओळंबा हातात धरून, प्रवाळाच्या वितभर वर, न हलता, डोकं थोडं खाली करून राहता येतं का, एवढंच बाईंना पाहायचं होतं. पाण्यात तरंगायची सवय असणं वेगळं आणि काम करत असताना तरंगणं वेगळं. पायातल्या फिनचा एक चुकार फटका बसला तर कित्येक वर्षांत वाढलेली फांदी मोडते. प्रवाळ वाचवायला आलेल्या माणसाने ती मोडावी, याहून वाईट काय? दोघांना दुपारी पुन्हा पाण्यात उतरून तपासणी द्यावी लागली आणि मला ते अगदी योग्य वाटलं.

ही पद्धत 'रीफ चेक'ची. ग्रेगर हॉजसन या सागरी शास्त्रज्ञाने १९९६ मध्ये ती सुरू केली आणि १९९७ मध्ये तिच्या आधारे जगभर पहिली पाहणी झाली. उष्ण समुद्रांतल्या प्रवाळभित्ती अफाट आणि शास्त्रज्ञ मोजके, म्हणून शिकवलेला हौशी डायव्हरही नीट करू शकेल इतकंच काम त्यात ठेवलं आहे. सगळे मासे मोजायचे नाहीत. ज्यांच्या असण्या-नसण्यावरून भित्तीची तब्येत कळते, असे ठरावीक मोजायचे. फुलपाखरू मासे, पोपटमासे, स्वीटलिप्स, तांबोशीच्या कुळातले मासे, ग्रूपर म्हणजे हेकरू, मोरे ईल, नेपोलियन रास. तळावरचे शेवंडी, महाकाय शिंपले, समुद्रकाकड्या, काटेरी अर्चिन, काटेरी मुकुटाचा तारामासा, ट्रायटन शंख. ग्रूपर ३० सेंटीमीटरच्या वरचाच धरायचा आणि पोपटमासा २० च्या वरचा. पाण्यात वस्तू साधारण एक तृतीयांश मोठी दिसते, त्यामुळे डोळ्यांना वळण लावायला प्लास्टिकच्या नळीचे २० आणि ३० सेंटीमीटरचे तुकडे तळावर मांडून ठेवले होते. ते पाहून पाहून नजर बसते.

माझ्या वाट्याला मासे आले नाहीत, तळ आला. आधी जरा हिरमुसले होते. संध्याकाळपर्यंत बदली नको असं म्हणायच्या स्थितीत आले, कारण तळ वाचता येऊ लागला की भित्तीचा इतिहासच उलगडायला लागतो. तळावर जे काही असेल ते दहा नावांत बसवायचं असतं: कठीण प्रवाळ, मऊ प्रवाळ, नुकतंच मेलेलं प्रवाळ, सांडपाण्यासारख्या खताने फोफावणारं शैवाल, स्पंज, खडक, तुकडे, वाळू, गाळ आणि इतर. ऐकायला सोपं आहे. पण वाळू आणि गाळ यांतला फरक कसा ओळखायचा? चिमूटभर उचलून सोडायचं. लगेच खाली बसली तर वाळू, पाण्यात धूर होऊन राहिला तर गाळ. तुकडा आणि खडक यांची सीमा १५ सेंटीमीटर. त्याहून लहान सुटा तुकडा तो तुकडा, मोठा तो खडक.

सगळ्यांत अवघड असतं मेलेलं प्रवाळ. वर्षभराच्या आत मेलेलं असेल तर त्याच्या पृष्ठभागावरची प्रवाळजीवांची छोटी छोटी घरं अजून स्पष्ट दिसतात. त्याहून जुनं झालं, घरं झिजली, वर शैवाल आणि इतर जीव बसले, की कागदावर त्याची नोंद 'खडक' अशी होते. म्हणजे आम्ही ज्याला खडक लिहितो, त्यातला बराचसा कधी ना कधी जिवंत होता. हे कळल्यावर त्या तीन अक्षरांकडे मला पुन्हा पूर्वीसारखं पाहता आलं नाही.

सोमवार

पहिली खरी पाहणी. मालदीवच्या कंकणाकृती बेटमाळांच्या आत पृष्ठभागाजवळ येणारे छोटे प्रवाळउंचवटे असतात, त्यांना तिथे 'गिरी' म्हणतात. खोल राहिलेल्यांना 'तिला' आणि दोन भित्तींमधल्या वाहत्या खिंडीला 'कांदू'. आमची गिरी अरी बेटमाळेच्या आत, वाऱ्याच्या आडोशाला होती.

पहिली जोडी १०० मीटरची टेप घेऊन पाच मीटर खोलीवर उतरली आणि भित्तीच्या कडेने ती सोडत गेली. त्यानंतर पंधरा मिनिटं कोणी काही करायचं नाही. टेप टाकणाऱ्यांच्या वावराने मासे बिचकतात, त्यांना आपापल्या जागी परतू द्यायचं. मग मासे मोजणारी जोडी निघते. दर पाच मीटरला थांबायचं, वाट पाहायची, टेपच्या डावी-उजवीकडे अडीच अडीच मीटर आणि वर पाच मीटर एवढ्या काल्पनिक बोगद्यात जे येईल ते मोजायचं. सहाव्या मीटरवर कासव गेलं तरी त्याच्यामागे जायचं नाही. कासव, शार्क, मांटा यांची नोंद कागदाच्या तळाशी वेगळी होते.

टेपचे २० मीटरचे चार भाग करतात आणि मधे पाच पाच मीटर सोडतात, म्हणजे चार स्वतंत्र नमुने मिळतात. आम्ही दोघी सर्वांत शेवटी. दर अर्ध्या मीटरला ओळंबा सोडायचा आणि शिसाचं टोक जिथे टेकेल ते लिहायचं. टोकाच्या बाजूला काय आहे ते नाही, टोकाखाली काय आहे ते. एका भागात ४० बिंदू, चार भागांत १६०.

पहिल्या भागात हात थोडा घाईत होता. दुसऱ्या भागापर्यंत श्वास संथ झाला आणि एरवी डायव्हर ज्यावरून तरंगत निघून जातो, ते सगळं दिसू लागलं. साडेएकतीस मीटरवर ओळंबा एका घुमटाकार पोराइटिसवर उतरला. हे प्रवाळ वर्षाला साधारण सेंटीमीटरभर वाढतं आणि हा घुमट माझ्या कमरेएवढा उंच. पृष्ठभाग लांबून गुळगुळीत दिसतो. मास्क वितीवर नेला तेव्हा त्यात टाचणीच्या डोक्याएवढी असंख्य घरं दिसली आणि त्यांमधे रुतून बसलेले ख्रिसमस ट्री वर्म नावाचे कृमी, निळे, पिवळे, एक शेंदरी. ओळंब्याची सावली पडताच शेंदरी आत गेला, बाकीचे राहिले. मी लिहिलं, कठीण प्रवाळ. बत्तीस मीटर: तुकडे. साडेबत्तीस: तुकडे. तेहेतीस: तळहाताएवढं अॅक्रोपोरा जातीचं प्रवाळ, टोकं फिकट जांभळी, म्हणजे वाढतं. पुन्हा कठीण प्रवाळ.

मागून कर्र कर्र आवाज येत होता, कोणी बर्फाचा खडा दातांखाली फोडावा तसा. पोपटमासा. चोचीसारख्या दातांनी तो खडकावरचं शैवाल खरवडतो, त्यासोबत प्रवाळाचा चुनाही गिळतो, घशातल्या दातांनी दळतो आणि मागून पांढऱ्या वाळूची फीत सोडून पुढे जातो. मालदीवमधल्याच वक्कारू बेटाच्या भित्तीवर झालेला एक अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. तिथे तयार होणाऱ्या वाळूतला ८५ टक्क्यांहून अधिक वाटा पोपटमाशांचा निघाला. सरासरी समुद्रापासून दीड मीटर उंच असलेला हा देश त्या वाळूवर उभा आहे. पोपटमासा मोजायचा तो सुंदर दिसतो म्हणून नाही.

वर आल्यावर दोणीवरच सगळ्यांचे कागद जमा झाले. फुलपाखरू मासे भरपूर, पोपटमासे चांगले. ग्रूपरच्या चौकटीत चारही भागांत शून्य. लहान होते, पण ३० सेंटीमीटरच्या वरचा एकही नाही. १९९० च्या दशकात इथून जिवंत ग्रूपर पूर्व आशियातल्या बाजारात जायला लागले आणि मोठे नग झपाट्याने कमी झाले. बाईंनी आम्हाला आणखी एक गोष्ट दाखवली. बॅरामुंडी कॉड आणि बंपहेड पोपटमासा यांच्या चौकटींतही शून्य होतं. हा कागद सगळ्या हिंदी-प्रशांत पट्ट्यासाठी एकच आहे, आणि हे दोन मासे मालदीवमध्ये तसेही फारसे नसतात. ते शून्य वेगळं, ग्रूपरचं शून्य वेगळं. काटेरी मुकुटाच्या तारामाशाचंही शून्यच होतं आणि ते पाहून सगळ्यांना आनंद झाला, कारण तो जिवंत प्रवाळ खातो आणि संख्या वाढली की भित्तीच्या भित्ती फस्त करतो. शून्य लिहिणारा आणि शून्य वाचणारा, दोघांनाही काम असतं.

मंगळवार

रात्रीतून वारा फिरला. एप्रिलअखेरचे, मोसम बदलायचे दिवस. सकाळी कप्तानांनी आभाळ पाहून मान हलवली आणि आम्ही आडोशाला नांगरून राहिलो. डाइव्ह नाही, नुसती नोंदणी. ओले कागद दोरीवर वाळत आणि प्रत्येक आकडा दोन माणसं संगणकावर चढवणार, एक वाचणार, दुसरा टंकणार, मग अदलाबदल करून तपासणार.

दुपारी कप्तान डेकवर येऊन बसले. या पाण्यात जन्म काढलेला माणूस, बोलणं मोजकं. मी विचारलं, "पूर्वी शार्क जास्त होते का?"

"माझे वडील शार्क धरायचे," ते म्हणाले. "तेव्हा सगळेच धरायचे. त्यांच्या यकृताचं तेल होडीच्या लाकडाला लावायचे, लाकूड टिकायचं. मग परदेशी व्यापारी नुसते पंख मागायला लागले."

"आणि आता?"

"आता बंदी आहे. गावच्या उथळ पाण्यात काळ्या टोकाची पिल्लं दिसतात. माझी नातवंडं त्यांना ओळखतात. पण वडिलांच्या वेळी किती होते म्हणून विचाराल, तर पुष्कळ होते एवढंच सांगेन. मोजले कोणी होते?"

मालदीवने २०१० मध्ये शार्कच्या मासेमारीवर संपूर्ण बंदी घातली. तेव्हापासूनचे आकडे आता साठत आहेत. त्याआधीचं बरंचसं असं 'पुष्कळ' या शब्दात अडकून राहिलं आहे आणि ते खोटंही नाही. पण पुष्कळमधून काही वजा करता येत नाही. कप्तानांचं बोलणं मी माझ्या वहीत तसंच उतरवून घेतलं.

बुधवार

आजची भित्ती बाहेरच्या बाजूची, उथळ, आणि पाहायला जड गेली. पाच मीटरवर टेपखाली लांबच लांब तुकड्यांचा उतार. फांद्या तुटून, घरंगळून, एकावर एक पडलेल्या. चुन्याचं स्मशान म्हणता आलं असतं, पण बाईंनी आदल्या रात्रीच बजावलं होतं की आधी मोजा, मग काय म्हणायचं ते म्हणा.

कारण आम्हा सगळ्यांना माहीत होतं, तरी त्यांनी ते सावकाश सांगितलं. प्रवाळाच्या पेशींमधे सूक्ष्म शैवाल राहतं. सूर्यप्रकाशावर ते अन्न बनवतं आणि प्रवाळाच्या गरजेतला ९० टक्क्यांपर्यंतचा वाटा त्याच्याकडून येतो. प्रवाळाचा रंगही बहुतांशी त्याचाच. पाणी उन्हाळ्यातल्या नेहमीच्या कमाल तापमानाहून अंशभर जास्त तापलं आणि काही आठवडे तसंच राहिलं की हा संसार मोडतो. प्रवाळ शैवालाला बाहेर टाकतं आणि पारदर्शक कातडीतून खालचा पांढरा सांगाडा दिसू लागतो. यालाच ब्लीचिंग म्हणतात. पाणी वेळेत निवलं तर शैवाल परत येऊ शकतं. नाही निवलं तर प्रवाळ उपाशी मरतं.

१९९८ च्या एल निनोत मालदीवच्या काही भित्तींवरचं ९० टक्क्यांहून जास्त उथळ प्रवाळ गेलं. त्यानंतर पंधराएक वर्षांत बऱ्याच भित्ती सावरल्या होत्या. २०१६ मध्ये पुन्हा पाणी तापलं. तेव्हाच्या पाहणीत तपासलेल्या प्रवाळांपैकी सुमारे ६० टक्के पांढरी पडलेली आढळली. २०२४ मध्ये जागतिक ब्लीचिंग पुन्हा जाहीर झालं आणि त्यातही मालदीव होतं. प्रवाळाला सावरता येतं, हे १९९८ नंतर दिसलं. पण सावरायला लागणारी वर्षं दोन तापांच्या मधे उरत नाहीत, दुखणं हे आहे. समुद्र तापवणारा धूर या बेटांवर फारसा निघत नाही, हेही लक्षात ठेवायला हवं. मला या गोष्टीचा राग येतो आणि तो यावा असंच मला वाटतं.

पाण्यात माझ्या मनगटावरचा संगणक ३० अंश दाखवत होता. पहिल्या भागात तुकडे, तुकडे, खडक, तुकडे, वाळू. लिहून लिहून पेन्सिलीला तेच वळण पडलं. तिसऱ्या भागात माझ्या बडीने माझा खांदा धरला आणि टेपच्या पलीकडे बोट दाखवलं. तुकड्यांमधे एक जुना खडक पक्का रुतून बसलेला होता आणि त्याच्या पाठीवर नाण्याएवढी अॅक्रोपोराची पिल्लं, एकदोन नव्हे, बरीच. प्रवाळाची अळी पाण्यातून वाहत येते आणि कुठेतरी टेकते. हलणाऱ्या तुकड्यावर टेकली तर लाटेने उलटून मरते. न हलणारी जागा मिळाली तर जगते. ओळंबा त्यांच्यापैकी एकावरही टेकला नाही, म्हणून आमच्या १६० बिंदूंत ती नाहीत. टिपणाच्या जागेत लिहून ठेवली.

डेकवर मी बाईंना विचारलं की, त्यांना न मोजणं अन्यायाचं नाही का. त्या म्हणाल्या, "आज ओळंबा बाजूला सरकवून त्यांना धरलंस, तर पुढच्या वर्षी त्यांच्यातली किती वाढली ते मला कधीच कळणार नाही. वाढली तर ती आपण होऊन ओळंब्याखाली येतील."

गुरुवार

दक्षिण अरीची बाहेरची कड. दिगुरा बेटापासून रंगाली बेटापर्यंतचा हा पट्टा २००९ मध्ये संरक्षित झाला, व्हेल शार्कसाठी. जगातला हा सर्वांत मोठा मासा इथे वर्षभर सापडतो आणि इथे दिसणारे बहुतेक वयात न आलेले नर असतात. खोल गार पाण्यातून वर येऊन ते अंग तापवून घेत असावेत, असा एक अंदाज आहे.

आजचं काम पाण्याखालचं नव्हतं. दोणीच्या छपरावर पाळ्या लावून बसायचं आणि भित्तीच्या कडेने निळ्यात काळी सावली शोधायची. सुरुवात किती वाजता, कुठून, वारा कसा, पाणी किती स्वच्छ, किती डोळे पाहत होते, सगळं वहीत. इथेही शून्याला मान आहे. तासभर शोधून काही दिसलं नाही, ही नोंद नसेल तर दिसलेल्या माशाच्या नोंदीला अर्थ उरत नाही. सकाळ अशी गेली. ऊन डोक्यावर आलं, पाण्याच्या चकाकीने डोळे चुरचुरले आणि वहीत ओळीखाली ओळ शून्याची लागली.

मग खलाशी पोरगा नुसता हात वर करून उभा राहिला. ओरडला नाही, कारण आसपास दुसऱ्या बोटी होत्या.

एका वेळी थोडेच जण, शिंतोडे न उडवता, बाजूने पाण्यात. अंगापासून तीन मीटर, शेपटीपासून चार मीटर दूर, फ्लॅश नाही, वाट अडवायची नाही. कॅमेरा माझ्याकडे होता, आणि फोटो नेमका कुठला हवा ते ठरलेलं: डावी बाजू, शेवटच्या कल्ल्यापासून छातीच्या पराच्या मागच्या टोकापर्यंत. तिथल्या ठिपक्यांची मांडणी प्रत्येक व्हेल शार्कची वेगळी असते आणि जन्मभर ओळख देते. आकाशातल्या ताऱ्यांचे आकृतिबंध जुळवायला खगोलशास्त्रज्ञांनी केलेलं गणित २००५ मध्ये याच ठिपक्यांसाठी वापरात आणलं गेलं.

तो खालून तिरका वर आला. पाचेक मीटर लांब. आधी रुंद, सपाट तोंड, मग दोन्ही कुशींवरचे लांबच लांब उभार, मग ठिपके आणि पट्टे, आणि हे सगळं शेपटीच्या इतक्या सावकाश हालचालीने सरकत होतं की त्याच्याबरोबर राहायला मला जिवाच्या आकांताने फिन मारावे लागत होते. डोळा लहान. त्याने तो एकदा फिरवला. मी फोटो काढले, कल्ला, पर, पुन्हा कल्ला. पराच्या मागे बरी झालेली जखम दिसली, समांतर तीन कापे. बोटीच्या पंख्याचे. या भागातल्या व्हेल शार्कच्या अंगावर असे व्रण नवे नाहीत.

तेवढ्यात इतर बोटींवरची माणसंही पाण्यात पडली. वीस, तीस, मोजणं अशक्य. कुणीतरी त्याच्या तोंडापुढून आडवं पोहलं. त्याने डोकं खाली केलं आणि काही क्षणांत निळा रंग एवढाच उरला. माझी बडी वर आली तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "आमच्याकडे नियम आहेत," ती म्हणाली, "चांगले नियम आहेत." १९९५ पासून तिच्या देशात व्हेल शार्कला कायद्याचं संरक्षण आहे. त्या दुपारी तिने पाण्यात उतरलेल्या माणसांचा अंदाजही नोंदवहीत लिहिला. तशी चौकट नव्हती, तिने कडेला आखली.

रात्री फोटो जुळवणीला गेले. ठिपके आधीच्या एका नोंदीशी जुळले. आधीच्या फोटोत ते कापे नव्हते. म्हणजे जखम कधीनंतरची आहे, एवढं तरी आता सांगता येतं.

शुक्रवार

उद्या विमान, म्हणून आज डाइव्ह नाही. पाण्याखालून आल्यावर रक्तातला जादा नायट्रोजन निघून जायला वेळ द्यावा लागतो, त्याआधी विमानात बसणं धोक्याचं. सकाळपासून टेबलाभोवती सगळे. एकेका स्थळाची बेरीज, पाणी किती तापलेलं, किती गढूळ, जवळ वस्ती आहे की नाही, मासेमारी होते की नाही.

एका बिंदूवर मात्र गाडी अडली. बुधवारच्या टेपवरचा साडेबासष्ट मीटर. टेबलासारख्या पसरट अॅक्रोपोराचा पांढराफट्ट भाग. मी 'नुकतंच मेलेलं' लिहिलं होतं, माझ्या बडीने त्याच वेळी स्लेटवर प्रश्नचिन्ह काढून फोटो घेतला होता. ब्लीच झालेलं प्रवाळ पांढरं असलं तरी जिवंत असतं आणि कठीण प्रवाळातच धरलं जातं. तारामाशाने किंवा शंखाने खाल्लेलंही पांढरंच दिसतं, पण तिथे उघडा सांगाडा असतो. पांढऱ्यावरून काहीच ठरत नाही.

फोटो पडद्यावर मोठा केला. निवृत्त अभियंत्याने चश्मा वर सरकवला, परिचारिका बाई उठून पडद्याजवळ गेल्या. खाल्लेल्याची कड धारदार असते, एका बाजूला रंग आणि दुसऱ्या बाजूला लख्ख हाड. इथे कड नव्हती, रंग फिकट होत होत पांढरा झाला होता. अजून मोठा केला. फांदीच्या टोकाला, घरांच्या तोंडाशी, काचेसारखे बारीक तंतू बाहेर आलेले, म्हणजे आतले जीव जिवंत. बाईंनी दोन्ही बाजू ऐकून घेतल्या, काही बोलल्या नाहीत, माझ्याकडे पाहिलं. मी कागदावरचं खोडून कठीण प्रवाळ लिहिलं, शेजारी 'ब्लीच' अशी खूण केली आणि दोघींच्या सह्या घातल्या.

आकड्यांची एक प्रत रीफ चेकच्या साठ्यात जाते, एक मालेतल्या सागरी संशोधन संस्थेकडे. दुपारी माझ्या बडीने प्रत्येक स्थळाची वाट स्वतःच्या अक्षरात लिहायला घेतली, कारण पुढच्या पाहणीला टेप त्याच जागी टाकायला हवी आणि तेव्हा गटाला ती नेणार आहे. उपग्रहावरचं स्थान दोणी जिथे थांबते तिथलं, खाली उतरल्यावरच्या खुणा माणसाला लिहाव्या लागतात. सोमवारच्या गिरीसाठी तिने मला वाचून दाखवलं: वायव्य टोकाला उतरणे, भित्ती उजव्या हाताला ठेवणे, पाच मीटर खोली सोडू नये, कमरेएवढा पोराइटिसचा घुमट लागेल, तो साडेएकतीस मीटरवर यायला हवा; न आल्यास टेप गुंडाळून पुन्हा सुरुवात करणे.